गंधर्वनगराची मोजणी

आमच्या देवघराबाहेरच्या भिंतीवर एक नकाशा लावलेला आहे. चार मोठे कागद मागून कापडी पट्टीने जोडलेले, आणि त्यांवर एक सरोवर, काठाचे वेळूचे बन, तीन टेकड्या, एक देवालय आणि दोन दगडी सिंह बसवलेला पूल. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे गाव कोणते? मी सांगतो, हे गाव नव्हे. शास्त्रकार ज्याला गंधर्वनगर म्हणतात, मेघांत दिसणारे आणि जवळ जावे तर नसणारे, त्याची ही मोजणी आहे. साखळीने, प्रमाणात आणि दिशा धरून केलेली. पाहुणा हसतो आणि चहाचा कप उचलतो. एखादा मात्र उठून जवळ जातो आणि विचारतो, सगळ्या रेषा इतक्या सरळ असताना पुलाला येऊन मिळणारी ही एकच रेषा कापरी का? ती माझ्या हातची आहे.

बाकीच्या रेषा ज्यांनी काढल्या ते आमच्या गच्चीवरच्या खोलीत नऊ वर्षे राहिले. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे उमरग्याकडचे, घरात कानडी आणि दारात मराठी बोलत वाढलेले. पत्नी निवर्तलेली, एकुलती कन्या पुण्यात. जिल्हाभर पायी हिंडलेल्या या माणसाने उतारवयासाठी येडशीच का निवडली, असे मी पहिल्याच दिवशी विचारले, तेव्हा ते गच्चीच्या कठड्याशी उभे राहून रामलिंगाच्या रानाकडे पाहत होते. ते म्हणाले, "त्या रानात बांध न्हाय, गुरुजी. डोळ्याला बरं वाटतं."

गावोगावच्या लोकांनी त्यांना साखळीसाहेब हे नाव ठेवले होते. तेहतीस फुटांची पोलादी साखळी, तिचे सोळा आणे, तिचा एक चौरस म्हणजे एक गुंठा, हा त्यांचा व्यवसाय. साखळीला दोन टोके असतात. एक मोजणारा धरतो, दुसरे मदतनीस हद्दीच्या दगडावर धरून उभा राहतो. इतर मोजणीदार दुसऱ्या टोकावरच्या माणसाला नुसती हाक देत आणि आकडा लिहीत. हे मात्र हाक देत, "दगडावर का दगडाजवळ?" तिकडून "दगडावर" असे उत्तर आले तरी स्वतः चालत जात, वाकून पाहत, परत येत आणि मगच लिहीत. त्यामुळे ज्या शेताला इतरांना एक दिवस लागे त्याला यांना दोन लागत. लोक वैतागत, परंतु यांनी केलेली मोजणी पुन्हा करण्याची वेळ कुणावर आली नाही.

निवृत्तीनंतर साखळी सुटली, प्रश्न राहिला. देवाला मी फूल वाहिले की दारातून विचारणार, पिंडीवर का पिंडीजवळ? एकदा माझ्या पत्नीने गोधडीची घडी घालायला त्यांना दुसरी बाजू धरायला सांगितली. स्वतःकडचे कोपरे नीट धरून हे गृहस्थ गोधडीसकट तिच्याकडे चालत आले आणि तिचे कोपरे जुळलेत का ते पाहू लागले.

"भाऊजी, माझं टोक माझ्या हातात आहे की."

"दिसतंय, वहिनी. पण तुम्ही वरचा कोपरा धरलाय का वरच्या कोपऱ्याजवळचा?"

त्या दिवसापासून तिने गोधड्या एकटीने घडी घालायला सुरुवात केली.

या सवयीमागचे कारण त्यांनी मला एकदाच सांगितले. तो सोमवार होता. ते लिंगायत, गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन, त्यावर दृष्टी लावून, बराच वेळ बसत. पूजा आटोपून खाली आले आणि पायरीवर बसून आपणहून बोलू लागले. नोकरीच्या पहिल्या वर्षांत अणदूरच्या बाजूच्या एका गावात दोन भावांच्या वाटणीची मोजणी होती. भर दुपार होती. दुसऱ्या टोकावरचा मदतनीस उन्हाने कासावीस होऊन दगडावरून हातभर सरकला आणि लिंबाच्या सावलीत उभा राहिला. यांनी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. त्या हातभर चुकीने विहीर एका भावाची झाली. आठ दिवसांनी कागदावर आकृतीची टोके जुळेनात, तेव्हा यांना चूक कळली. त्यांनी कबूल केली, जाऊन पुन्हा मोजले, विहीर पुन्हा दोघांत आली. परंतु त्या आठ दिवसांत भाऊ एकमेकांना जे बोलून गेले होते ते कुणाला परत घेता आले नाही. धाकट्याच्या मुलीच्या लग्नाला थोरला आला नाही. "माणसं वाईट न्हवती," ते म्हणाले. "हातभर सावली लागली, एवढंच."

त्यांच्या कन्येने आपला जुना संगणक वडिलांच्या करमणुकीसाठी आणून ठेवला, तेव्हा ते भजने ऐकतील अशी तिची कल्पना होती. जाता जाता तिने एक खेळ दाखवला. जगभरचे लोक आपापल्या घरून एकाच वेळी ज्यात वावरतात, असा तो चीनमधला खेळ. तिला वाटले होते, वडील क्षणभर पाहतील. ते पाहतच राहिले. डोंगर, धुके, पाणी. आणि कुठेही हद्दीचा दगड नाही.

काही दिवसांनी त्यांना एक गोष्ट खटकली. आपल्या बाजूला मिळणाऱ्या खेळात एका डोंगरापलीकडे नुसते धुके ठेवलेले होते. पलीकडचा प्रदेश अजून फक्त चीनमधल्या लोकांसाठी उघडला होता. तिथे प्रवेश हवा तर तिथल्याच यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, नाव नोंदवायचे, आणि परदेशी माणसाने नाव नोंदवताना पासपोर्टचा क्रमांक द्यायचा. ज्यांनी आयुष्यात सोलापूर आणि पुणे यांपलीकडे प्रवास केला नव्हता, त्यांनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी पासपोर्टसाठी अर्ज केला.

चौकशीला हवालदार घरी आले. साक्षीदार म्हणून मला बोलावले.

"कुठल्या देशाला निघालात, काका?"

"कुठंच न्हाय. चीनमधी एक तळं मोजायचंय. घरी बसून."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी आयुष्यभर सत्यं वद शिकवलेला मनुष्य. मी म्हणालो, ते सांगतात ते अक्षरशः खरे आहे.

"गुरुजी, तुम्ही बी चाललाव का संगं?"

मी नाही म्हणालो. त्यांनी वर्तणूक चांगली असे लिहिले, आणि निघताना हळूच माझ्या पत्नीला विचारले, घरात दुसरे कुणी जाणते माणूस आहे का. तो पासपोर्ट आला, आणि त्यावर कुठल्याही देशाचा शिक्का कधीही पडला नाही.

तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडचे साडेपाच. त्या वेळी तिथली माणसे कामावरून घरी येत आणि ते जग भरून जाई. हे साडेपाचला हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून बसत. माझी सायंसंध्येची तयारी साधारण त्याच सुमारास सुरू होई. खाली मी पळी-पंचपात्र मांडायचो आणि वरून वेणूसारखा एक मंद स्वर, त्यामागे पाण्याचा आवाज उतरून यायचा. प्रारंभी मला तो उपद्रव वाटला. पुढे पुढे तो स्वर आला नाही तर तांब्या हातात धरून मी वर पाहू लागलो.

त्या जगात लोक लढत, घोड्यांवरून धावत, एकमेकांवर तेजाचे लोळ फेकत. आमचे साहेब एक तलवारही न घेता सरोवराच्या काठाने पाऊल मोजत चालत. कळ दाबली की एक पाऊल. तेहतीस पावलांची एक साखळी त्यांनी ठरवली होती. मोजायचे मात्र कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. हिशेब आईच्या भाषेतच चुकत नाही, असे ते म्हणत. कळीचा संदेश इथून तिथे पोहोचायला वेळ लागत असल्याने कळ इथे दाबली की पाऊल तिथे क्षणभराने पडे. "मी हितं पाय उचलतो, गुरुजी, आणि तो चीनमधी टेकतो," हे ते इतक्या सहजतेने सांगत की ऐकणाऱ्याला स्वतःच्या पायाखालची जमीन थोडी सैल झाल्यासारखी वाटे. भर उन्हाळ्यात, आमच्याकडे कौले तापलेली असताना, त्यांच्या खिडकीत पाऊस पडत असे. काठावर बगळा उभा असे. ते थांबले की त्यांच्या आकृतीचे वस्त्र वाऱ्याने हले, आणि मी खुर्चीमागे उभा राहून तो वारा अंगाला लागण्याची वाट पाहत असे.

मी त्यांना एकदा समजावले होते. जे नाही ते मोजण्यात आयुष्याचा उत्तरकाळ घालवणे बरे नव्हे, असे काहीसे बोललो. ते रागावले नाहीत. "जे हाय ते मी चौतीस वर्षं मोजलं, गुरुजी. मोजून झालं की दोघांतला एक रडायचा. हितं कुणीच रडत न्हाय."

मी पुन्हा तो विषय काढला नाही. कारण त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी मला देवालयाचा खांब दाखवायला वर बोलावले. त्यावर कोरलेली अक्षरे चिनी वाटत नाहीत, असा त्यांचा संशय होता. तो बरोबर होता. ती आपल्याकडची जुनी लिपी होती, शतकांपूर्वी मंत्रांबरोबर तिकडे गेलेली. इथे आम्ही ती विसरलो. तिथे कुणीतरी जपली आणि आता एका खेळातल्या खांबावर शोभेसाठी कोरली. विद्यार्थिदशेत ती लिपी मी थोडी शिकलो होतो. पहिले अक्षर ओंकार होता. मी हात जोडले. मागे वळून पाहिले तर साहेबही हात जोडून उभे होते, आणि दोघांनाही त्यात काही विचित्र वाटले नाही.

आता त्या दुसऱ्या माणसाविषयी सांगायला हवे.

मोकळ्या काठावर, धुक्यात, सरळ रेषेत चालायचे तर समोर पुढच्या वळणावर काहीतरी ठाम दिसावे लागते. शेतात तिथे मदतनीस उभा असतो. इथे कोण उभे राहणार? कित्येक दिवस साहेबांच्या रेषा वाकड्या येत आणि ते खोडत. एके संध्याकाळी डोक्यावर इरल्यासारखी मोठी गवती टोपी घातलेली एक आकृती काही अंतरावर थांबून त्यांचे पाऊल मोजणे पाहू लागली. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी ती पुढे गेली आणि बरोबर पुढच्या वळणावरच्या दगडावर जाऊन, तोंड यांच्याकडे करून, निश्चल उभी राहिली. एक शब्दही बोलणे झाले नव्हते. होणे शक्यही नव्हते.

साहेबांनी काय केले असेल? ते चालत तिथपर्यंत गेले, दगडावर का दगडाजवळ ते पाहिले, परत आले आणि मग मोजत निघाले. एक अंतर तीन वेळा चालणे झाले. इरलेवाल्यांनी हे सारे शांतपणे पाहिले, आणि हे दुसऱ्या टोकाला पोहोचताच दोन्ही हात एकमेकांवर ठेवून नमस्कार केला. यांनीही त्या आकृतीचा नमस्कार कोणत्या कळीने होतो ते शोधून काढले. असे जवळजवळ तीन वर्षे चालले.

ते पुरुष की स्त्री, तरुण की वृद्ध, हे आम्हांला कधी कळले नाही. म्हणून आम्ही आदरार्थी बोलत असू. डोक्यावर त्यांचे नाव चिनी अक्षरांत तरंगत असे. यंत्राकडून ते वाचून घेता येते, असे कन्येने फोनवर सांगितले होते. साहेबांनी मनाई केली. "नाव कळलं की गाव विचारावं वाटतं. गाव कळलं की जमीन किती ते. ऱ्हाऊ द्या."

एकदा महामार्गाच्या खोदकामात आमची तार तुटली आणि चार दिवस ते जग बंद राहिले. हे पिंजऱ्यात घातल्यासारखे गच्चीवर येरझारा घालत. पाचव्या दिवशी जोडणी आली. त्या दिवशी ते वेळेआधी खाली आले आणि पायरीवर बसले. पत्नीने विचारले, इरलेवाले आले नाहीत का? ते म्हणाले, "न्हाय आले. पण शेवटल्या दगडावर कंदील लावून ठिवलाय. चार दिवस तेवतोय." मग क्षणभराने, थोड्या लाजेने, "मी जाऊन बघितलं, वहिनी. दगडावरच हाय."

तरीही पाहण्याची सवय मोडली नाही. प्रत्येक नव्या रेषेला आधी जाऊन यायचे, मग मोजायचे. माझ्या पत्नीने एकदा विचारले, तीन वर्षांत ते इरलेवाले एकदा तरी चुकले का? साहेब म्हणाले, एकदाही नाही. मग कशाला जाता? त्यावर त्यांनी दिलेले उत्तर मला अजून ऐकू येते. "ते चुकत न्हाईत, वहिनी. पण माझ्यानं बघितल्याबिगर लिहिणं होत न्हाय."

काचबिंदू फार हळू येतो. प्रथम त्यांच्या हातून दाराची चौकट चुकू लागली. मग ताटातली चटणी दिसेना, ती डावीकडे असते म्हणून. सोलापूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि स्पष्ट सांगितले की गेलेली दृष्टी परत येणार नाही. राहिलेली टिकली तर टिकली. साहेबांनी घरी येऊन किती दिवस आहेत याचा हिशेब केला नाही. किती रेषा राहिल्या आहेत याचा केला. पुलापासून निघून सरोवराला वळसा घालून पुन्हा पुलाशी आले की आकृती पूर्ण. अशी आकृती जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली तरच मोजणी खरी. नाही मिळाली तर सगळीच संशयित. एकोणीस रेषा राहिल्या होत्या.

त्यांना आता नळीतून पाहिल्यासारखे दिसे. पडद्यावरचा तळहाताएवढा तुकडा. ते म्हणत, माझे आयुष्यच तळहातावर पाहण्यात गेले, हे काही नवे नाही. परंतु दुसऱ्या टोकाला जाऊन खात्री करून परत येणे त्यांना तासाचे काम होऊ लागले. वाट चुके, पाण्यात उतरत, तिथे थांबून राहत. इरलेवाले येऊन पुढे चालत आणि त्यांना काठावर आणत. एकोणिसाच्या बारा झाल्या, बाराच्या पाच. कन्या न्यायला येते म्हणाली. ते तिला म्हणाले, चार रेषा. नंतर म्हणाले, एक.

पुढे ते पुण्याला गेले, आणि वर्षभरात लिंगैक्य झाले. पासपोर्ट आणि नकाशा त्यांनी जाताना माझ्यापाशी ठेवले होते. इथवरचे सांगून झाले; आता ती शेवटची संध्याकाळ.

त्या दिवशी दुपारीच त्यांनी मला सांगून ठेवले होते की आज हात तुमचे लागतील, कळीवरही आणि मागाहून नकाशावरही. डोळ्यांसमोर तो तळहाताएवढा तुकडाही पांढुरका झाला होता. मी म्हणालो, साडेपाचला माझी संध्या असते. तरी वेळ झाली तशी मीच वर गेलो. त्या दिवशी संध्येचा काळ टळला; मागाहून चौथे अर्घ्य देऊन मी त्या दोषाचे प्रायश्चित्त घेतले. ते देताना मनात खेद मात्र नव्हता, हे देवापासून लपवण्यात अर्थ नाही.

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. ते शेजारी, भिंतीला पाठ लावून, गुडघ्यावर वही ठेवून. पडद्यावर वेळूच्या बनाशी त्यांची आकृती उभी होती. समोर धुके आणि धुक्यात पुलाचा अंधूक कमानदार आकार. तिथपर्यंतची रेषा तेवढी उरली होती. कुणीही नव्हते. बगळा उडाला. मी ते सांगितले. थोडा पाऊस आला, तोही सांगितला. गच्चीवरून आमच्याकडचे ऊन उतरत गेले. बराच वेळ झाल्यावर मला वाटले, आता म्हणावे की आज राहू द्या. आणि तेवढ्यात पुलाच्या बाजूला गवती टोपी हलताना दिसली. ती पुलाच्या पायथ्याशी, सिंहांच्या मधोमध कुठेतरी थांबली आणि आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. धुक्यामुळे मला पायाखालचे काहीच दिसत नव्हते. तो आरंभाचा दगड होता की त्याच्या शेजारची फरशी, हे सांगणे मला अशक्य होते. जाऊन पाहायचे तर जाणे, येणे आणि पुन्हा जाणे. माझ्यासारख्या नवख्याच्या हाताने त्यात रात्र झाली असती. आणि चूक निघाली तर तीन वर्षांच्या रेषांना अर्थ उरला नसता. त्यांनी विचारले तर काय सांगायचे? दिसत नाही, हेच सत्य होते.

"इरलेवाले आले का?" त्यांनी विचारले.

"आले."

"उभे ऱ्हायले?"

"उभे राहिले."

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. त्यांनी पेन्सिल वहीवर टेकवली, माझ्या बाजूला तोंड वळवले. डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर, तळहातावरचे लिंग पाहताना असे, तसे काहीतरी होते.

"चला मग, गुरुजी," ते म्हणाले. "ओंदु."

मी कळ दाबली. क्षणभराने, तिकडे, पाऊल पडले.